न उचललेली ओळ

१

गुरुवारी दुपारचा कार्यक्रम आटोपला की ऑर्बिन नेपियर टेपरेकॉर्डर गोधडीत गुंडाळायचा, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा निजवायचा आणि कुठल्या तरी खोऱ्यात शिरायचा. आठ वर्षांत हा नेम चुकला नव्हता. केंटकीच्या त्या डोंगरांत खोरी काही कमी नाहीत, आणि दर खोऱ्याच्या टोकाला एखादं तरी असं घर असतं जिथं कुणी म्हातारं माणूस ओसरीवर बसून, ऐकायला कुणी नसताना, शंभर वर्षांचं जुनं गाणं गात असतं. ऑर्बिन त्या घरी जायचा. ताक प्यायचा, मक्याचा पाव खायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि मग लाजत लाजत म्हणायचा, "माझ्याकडे एक यंत्र आहे गाडीत. आणू का?"

त्याचं रेडिओ केंद्र म्हणजे बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मयतांच्या बातम्या, खाणीतल्या पाळ्यांच्या वेळा, कोंबडीखाद्याच्या जाहिराती आणि त्यांच्यामध्ये अर्धा तास ऑर्बिनचा. त्या अर्ध्या तासात त्याने एक आंधळा फिडलवाला लोकांपुढे आणला, लाकडाच्या गिरणीत दोन बोटं गमावूनही बँजो वाजवणारा एक गडी आणला, आणि चाळीस लांबलचक कथागीतं तोंडपाठ असणारी नव्वद वर्षांची एक विधवा आणली. तिघांच्याही तबकड्या पुढे शहरात निघाल्या. वेष्टनावर 'शोध' या शब्दापुढे नाव मात्र तिन्ही वेळा दुसऱ्याचंच होतं. विधवेच्या घरी तर एक प्राध्यापक एकाच दुपारी येऊन, तिचा घेवडा ओरपून, तिचा शोधकर्ता होऊन गेला.

ऑर्बिन कुणाशी भांडला नाही. तो भांडणारा नव्हताच. पण त्याच्या पोटात ते आंबत राहिलं.

त्याची आई डेल्फिया मात्र हसायची. "शोधली म्हणे! अरे, ती हरवली होती कधी? मला दर शनिवारी दुकानात भेटायची, साखरेच्या भावावरून कुरकुरत."

"शहरातल्यांना ठाऊक नव्हती ना आई."

"मग हरवले ते शहरातले. त्यांना शोध."

शिकागोच्या एका छोट्या तबकडी कंपनीतल्या वीअर नावाच्या माणसाचं पत्र त्या उन्हाळ्यात आलं. 'ज्याला अजून कुणाचा हात लागलेला नाही असं काही तरी द्या. या वेळी वेष्टनावर तुमचं नाव असेल.' पत्र वाचताना ऑर्बिनच्या लक्षात आलं की एक जागा आपण आठ वर्षं टाळतो आहोत. दिव्याखाली अंधार. आईचं चर्च.

२

स्पाइस फोर्क खोऱ्यातलं ते चर्च म्हणजे पांढऱ्या फळ्यांची एक खोली. वाद्य नाही, स्वरलिपी नाही, घंटासुद्धा नाही. एके काळी दीडशे माणसं होती, आता सात उरली होती. पुढे हॅसल गेहार्ट, एक्याऐंशी वर्षांचे, खाणीतून निवृत्त. मागे झेला स्टिडम, दोघे स्लोन भाऊ, प्रॅट नवरा-बायको आणि डेल्फिया.

त्यांची गाण्याची रीत जुनी. पूर्वी अख्ख्या खोऱ्यात भजनाचं पुस्तक एक आणि वाचता येणारा माणूसही एकच. म्हणून पुढच्याने एक ओळ भरभर, एका सुरात म्हणून सोडायची, आणि बाकीच्यांनी ती उचलून लांब, लांब ओढायची, ज्याची त्याने आपापल्या वळणाने. मग पुढची ओळ. खोऱ्यातलं मूल चालायच्या आधी एक गोष्ट शिकायचं: ओळ सोडली की उचलायची. ताप असो, भांडण असो, गळ्यात आवंढा असो.

ऑर्बिन ती अठराव्या वर्षी विसरला होता. निदान त्याला तसं वाटायचं.

हॅसल ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. प्रत्येक चार शब्दांनंतर त्यांची छाती भात्यासारखी वाजायची. कोळशाची धूळ.

"एकच रविवार, हॅसलकाका. यंत्र कोपऱ्यात ठेवीन. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"दिसत नाही त्याचंच भ्या वाटतं मला," हॅसल म्हणाले. "तुझी आई काय म्हणते?"

"म्हणते, हॅसलभाऊंना विचार."

"चलाख आहे डेल्फिया. नाही म्हणायचं पाप माझ्या माथी." ते हसले, खोकले, पुन्हा शेंगांकडे वळले. "ने बाबा. आम्ही मेल्यावर कोण गाणार आहे नाही तरी. पण एक ऐक. पूर्ण घे. मधेच तोडू नकोस."

"नाही तोडत."

"तसं नव्हे. समजून घे." त्यांनी हातातली शेंग तशीच धरली. "मी पोरगा होतो तेव्हा बर्फात एक मयत झाली. वर कबरीपाशी दोनच माणसं पोचली. भजन सांगणारा म्हातारा आणि मेलेल्याची बायको. म्हाताऱ्याने ओळ सोडली. बाईला रडण्यामुळे तोंड उघडेना. म्हातारा थांबला."

"मग?"

"मग उचलली ओळ."

"बाईने?"

हॅसलनी शेंग सोलली, दाणे परातीत टाकले. परात वाजली. "रविवारी साडेनऊला ये," ते म्हणाले.

३

जुलैचा तो रविवार म्हणजे खोऱ्यातल्या मेलेल्यांच्या आठवणीची वार्षिक सभा. चर्चबाहेर झाडाखाली फळ्यांवर जेवण मांडलेलं, कोंबडी, घेवडा, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. ऑर्बिनने कोपऱ्यात यंत्र लावलं. त्याच्याकडे एकच रीळ होतं आणि त्याच्या पहिल्या भागात गिरणीतल्या बँजोवाल्याची दोन गाणी होती. ती पुसायला त्याचा हात धजेना. उरलेलं पुरेल, असा त्याने अंदाज बांधला.

हॅसल उभे राहिले. डोळे मिटले.

"उतरणीला लागला दिवस, गुरं परतली घरी—"

सहा गळ्यांनी ओळ उचलली. झेलामावशींचा आवाज तिसऱ्या अक्षरापाशी अचानक खाली जायचा, जिन्यात एक पायरी कमी असावी तसा. स्लोन भावांचे आवाज दगडासारखे खाली बसलेले. आणि सगळ्यांच्या वर, किंचित उशिरा, त्याची आई. नवरा खाणीत दगावल्यापासून ती मोजकंच बोलायची. जे काही उरलं होतं तिच्यापाशी, ते आठवड्यातून एकदा या खोलीत बाहेर पडायचं. त्या आवाजात तक्रार नव्हती, आशाही नव्हती. नुसतं असणं होतं.

कडवी झाली. हॅसलनी शेवटची ओळ सोडली, मरणाची नदी ओलांडू लागलेल्या माणसाच्या तोंडची.

"थंड पाण्यात पाय माझा, हात कोण देई?"

त्याच क्षणी कोपऱ्यात फटफट आवाज झाला. रीळ संपून टेपचं सुटं टोक गोल फिरत होतं. सहा जण ओळ ओढत होते, त्यांना ते ऐकूही गेलं नाही. ऑर्बिनने यंत्र बंद केलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

जेवताना हॅसल काठी टेकत जवळ आले. "आलं का पूर्ण?"

ऑर्बिनच्या तोंडात केक होता. तेवढं निमित्त पुरलं. त्याने मान हलवली. आलं.

पुढच्या रविवारी जाऊन पुन्हा घेता आलं असतं. त्याने तसं ठरवलंही होतं. पण टेप सोमवारी टपालात पडली आणि गुरुवारी वीअरचा फोन आला. "तो शेवट!" वीअर ओरडत होता. "तो म्हातारा विचारतो, आणि कुणीच उत्तर देत नाही! नेपियर, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

ऑर्बिन म्हणाला, "हो."

४

ऑगस्टमध्ये तबकडी आली. वेष्टनावर बारीक पण स्पष्ट अक्षरं: 'शोध: ऑर्बिन नेपियर.' त्याने ते नाव अंगठ्याने तीन वेळा पुसून पाहिलं. मग मयतांच्या बातम्या वाचल्या आणि बारा वाजून दहा मिनिटांनी सुई ठेवली.

केंद्राच्या दोन खोल्यांमध्ये जाड काच होती. अलीकडे ऑर्बिन, पलीकडे शनिवारी गाणाऱ्यांसाठी ठेवलेला रिकामा स्टुडिओ. त्याला खिडकी नव्हती. दार एकच, तेही ऑर्बिनच्या खोलीत उघडणारं, आणि त्याला कुलूप.

"थंड पाण्यात पाय माझा, हात कोण देई?"

पुढे वीअरने वीस सेकंद कोरी शांतता ठेवली होती. हेडफोनमध्ये नुसती खरखर. ऑर्बिनने हेडफोन काढले, कारण त्याचे कान तापले होते. आणि त्याला ओळ ऐकू आली.

काचेपलीकडून. लांब, ओढलेली, एकटी. तिसऱ्या अक्षरापाशी पायरी चुकून खाली गेली.

त्याने तबकडीकडे पाहिलं. सुई शेवटच्या रेघेत गोल फिरत होती. त्याने काचेकडे पाहिलं. स्टुडिओत खुर्च्या होत्या, मायक्रोफोनचा दांडा होता, बाकी कुणी नव्हतं. पण काचेवर, बुटक्या बाईचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, वाफेचा एक गोल धरला होता. थोडा विरायचा, पुन्हा धरायचा. ऑर्बिनने बाहीने काच पुसली. गोल पुसला गेला नाही. तो पलीकडून होता.

मग ओळ संपली आणि काच कोरी झाली.

ऑगस्टचा उकाडा, त्याने स्वतःला समजावलं. खालच्या दुकानात कुणी तरी गुणगुणत असेल. नळ्यांतून आवाज चढतो, जुन्या इमारती. त्याने खाली जाऊन पाहिलं. दुकानदार बियाण्यांच्या पोत्यावर झोपला होता.

फोन खणखणत होता. गिरणीतला कुणी होता. "छान लावलंस रे. पण शेवटी एकटी गाणारी म्हातारी कोण?"

"शेवटी कुणी गात नाही. तो म्हाताराच."

"गात कशी नाही? मी रेडिओ बंद केला तरी गात होती."

५

त्या रविवारी आईला सोडायला म्हणून ऑर्बिन चर्चला गेला आणि दाराशी उभा राहिला. हॅसलनी ओळ सोडली. सहा तोंडं उघडली. गळे पाच आले.

झेलामावशी तोंड उघडून उभी होती. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, तिसऱ्या अक्षराला हनुवटीसुद्धा खाली गेली. आवाज मात्र नव्हता. ती चकित होऊन इकडेतिकडे बघत होती, जणू बाकावर शेजारी ठेवलेली पिशवी कुणी उचलली असावी.

बाहेर आल्यावर ती ठणठणीत बोलत होती. "गायलाच होत नाही बाई! बोलायला काही धाड भरलेली नाही."

"तेवढं बंद झालं असतं तर खोऱ्याला सुख लागलं असतं," थोरला स्लोन म्हणाला.

"तुझ्या बायकोने तुझ्याबद्दल हेच मागितलं होतं देवाकडे, म्हणून लवकर गेली बिचारी."

सगळे हसले. ऑर्बिनही हसला. गावातल्या डॉक्टरने तिच्या घशात बॅटरी मारून पाहिली आणि सांगितलं, विशीतल्या पोरीसारखा घसा आहे, काही झालेलं नाही. ती खाणीत कधी गेली नव्हती, तंबाखू ओढत नव्हती.

जाताना तिने ऑर्बिनचा हात धरला. हसू आता नव्हतं. "विहिरीत पोहरा सोडावा आणि दोर हलकाच वर यावा, तसं होतं रे," ती म्हणाली. "रिकामा नाही. पोहराच नाही."

६

तबकडी चालली. कॉलेजांतल्या पोरांनी घेतली, वर्तमानपत्रांत आलं. ऑर्बिनच्या पत्त्यावर पत्रं येऊ लागली. 'तुम्ही आम्हाला हरवलेली अमेरिका परत दिलीत.' 'ती शेवटची शांतता मी रोज ऐकते.' एका पत्रात शेवटी, सहज म्हणून लिहिलेलं होतं: 'आमच्या जिन्यात हल्ली कुणी तरी गातं. बायकोला वाटतं शेजारी असतील.'

ते पत्र ऑर्बिनने बाकीच्यांत ठेवलं नाही. पण फाडलंही नाही.

धाकट्या स्लोनचा गळा गेला, मग चार दिवसांनी थोरल्याचा. त्यांची छाती तर कोळशानेच भरलेली, त्यात नवल काय, असं ऑर्बिन म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला. मग प्रॅटचा गेला. तो आयुष्यभर टपाल वाटत फिरलेला.

एका दुपारी हॅसल केंद्राचा जिना चढून आले. चौदा पायऱ्यांना त्यांना दहा मिनिटं लागली. खुर्चीवर बसून त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"लाव ती."

"कशाला काका, तुम्हाला ठाऊकच आहे सगळं..."

"लाव."

तबकडी फिरली. हॅसल स्वतःचा आवाज ऐकत बसले, दुसऱ्याची साक्ष ऐकावी तसे. शेवटची ओळ आली. त्यानंतरची खरखर आली. हॅसलची मान आपोआप मागे वळली, सवयीने, बाकांकडे बघावं तशी. ऑर्बिनने काचेकडे पाठ करून ठेवली होती.

"तू म्हणालास, पूर्ण आलं."

"टेप संपली होती काका. एकच ओळ राहिली."

"एकच." त्यांचा भाता बराच वेळ वाजत राहिला. "किती घरांत आहे ही?"

"चार हजार."

"म्हणजे चार हजार घरांत मी हात पुढे करून उभा आहे. रोज. आणि कुणी धरत नाही." त्यांनी टोपीची किनार गोल फिरवली. "आमची माणसं साधी आहेत पोरा. त्यांना लहानपणी शिकवलंय. कुणी ओळ सोडली की त्यांना बसवत नाही, जाऊन उचलावी लागते."

"वय झालंय सगळ्यांचं. घसा बसतो माणसाचा."

"असेल," हॅसल म्हणाले. त्यांना वाद घालायला दम नव्हता. "ओव्हा प्रॅट आणि डेल्फिया. दोघीच राहिल्यात आता. तुझी आई आहे ती, म्हणून सांगायला आलो. परत घे ती तबकडी. नाही तर उरलेली ओळ जोड तिला. अजून दोन गळे आहेत तोवर."

७

ऑर्बिनने शिकागोला फोन लावला. आठ वर्षांत तो स्वतःबद्दल इतकी वाक्यं सलग कधी बोलला नव्हता. ओळ अपुरी आहे. रीत तशी नाही. मी खोटं बोललो होतो. आम्ही पुन्हा गाऊन पाठवतो.

वीअर शांतपणे ऐकत होता. "नेपियर, ती शांतताच तर तबकडी आहे," तो म्हणाला. "लोक गाण्यासाठी घेत नाहीत ती. आणि ऐका, मी येतोय. ऑक्टोबरचा पहिला रविवार. मासिकाची एक बाई आहे, विद्यापीठातले आहेत, अकरा जण आहोत. तिथे बसून प्रत्यक्ष ऐकायचंय."

"तिथे आता गायला कुणी..."

"तुमचा फोटो काढणार आहेत त्या. घड्याळ वगैरे नको, साधा शर्ट घाला."

ऑर्बिनने केंद्रावर तबकडी लावणं बंद केलं. मग एक वेगळंच वेड त्याच्या डोक्यात शिरलं. रोज सकाळी तो आपल्या खोलीत ती लावायचा, आणि शेवटच्या ओळीनंतर स्वतः ती उचलायचा. अकरा वर्षं न वापरलेला गळा. ओळ वाकडीतिकडी व्हायची, मधे तुटायची, पण तो शेवटपर्यंत न्यायचा. पहिल्या दिवशी गाऊन झाल्यावर तो खोलीच्या कोपऱ्यात बघत बसला. काही आलं नाही. तो धावत आईकडे गेला. ती भांडी घासत गात होती.

"काय रे, वाघ मागे लागलाय का?"

"काही नाही. गा तू."

"गा म्हणे. मी काय तुझा रेडिओ आहे?"

पण ती गायली. आठवडाभर त्याला वाटलं की जमलं. दरम्यान ओव्हा प्रॅटचा गळा गेला. ऑर्बिनने मनाला बजावलं की आपण आईचा तरी राखला. मनाला हेही ठाऊक होतं की घरं चार हजार आहेत आणि आपण त्यांतलं एक.

शनिवारी दुपारी तो आईच्या ओसरीच्या पायरीवर बसला होता. आत ती दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी घेवडा निवडत होती आणि गात होती. ओळीच्या मध्यावर आवाज थांबला. सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. ऑर्बिन आत गेला. ती टेबलापाशी उभी होती, मान मागच्या दाराकडे वळवून.

"काय झालं? कुणी हाक मारली?"

"हाक नव्हे." ती हळू बोलली. "मी गात होते. मग मी थांबले. आणि गाणं थांबलं नाही."

मागचं दार उघडं होतं. अंगणात ऊन होतं, दोरीवर तिचे कपडे होते, आणि कुंपणापलीकडे चढावर वाळलेलं गवत एका रेषेत लवून पुन्हा उभं राहत होतं. वारा नव्हता.

"पुन्हा गाऊन बघ," ऑर्बिन म्हणाला.

"नको." तिने सुरी उचलली. "आज नको. उद्या पाहुण्यांसमोर बघू."

८

रविवारी चर्चबाहेर सात मोटारी होत्या. अकरा माणसं आली होती आणि त्यांच्या ओळखीने आणखी सतरा. ती शिस्तीने बाकांवर बसली, पाय न वाजवता. दीडशे माणसांची ती खोली कित्येक वर्षांनी पाव तरी भरलेली दिसत होती. वीअर सडपातळ, नम्र माणूस होता. त्याने झेलाच्या हाताचं चुंबन घेतलं. "दात असते तर चावले असते याला," ती डेल्फियाच्या कानात म्हणाली. पण खोटं खोटंच. तिला ते आवडलं होतं. त्या सातही जणांना इतक्या आदराने आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि ऑर्बिनला तेच सहन होईना.

वीअरच्या मांडीवर नवं कोरं यंत्र होतं. त्याचा काटा शून्यावर थरथरत होता.

हॅसल उभे राहिले. दुसरं भजन निवडता आलं असतं, पण पाहुण्यांनी तेच मागितलं होतं. आणि कदाचित हॅसलना तेच हवं होतं. त्यांनी पहिली ओळ सोडली. सहा तोंडं उघडली. काहीही आलं नाही.

ते थांबले. एक ओळ उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढा पूर्ण वेळ थांबले. मग दुसरी ओळ. पुन्हा तेवढीच वाट. अशी सगळी कडवी. पाहुण्यांचे श्वास अडकले होते. मासिकाच्या बाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

ऑर्बिन आईच्या मागच्या बाकावर होता. त्याला तिची मान दिसत होती. प्रत्येक ओळीला मानेची शीर उभी राहायची, खांदे वर जायचे, मग हळूहळू खाली यायचे. आईने सकाळी त्याला एवढंच विचारलं होतं, "तू असशील ना आत?" तो हो म्हणाला होता. तिने कशासाठी विचारलं ते तेव्हा त्याला कळलं नव्हतं. आता कळलं.

"थंड पाण्यात पाय माझा," हॅसलनी सोडली, आणि त्यांच्या आवाजात आता सांगणं उरलं नव्हतं, मागणं होतं, "हात कोण देई?"

ऑर्बिन उठला. त्याने तोंड उघडलं आणि ओळ उचलली. ती बरी आली. खरोखर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरी आली. पहिला शब्द गेला, दुसरा गेला. पुढच्या बाकावर आईची मान किंचित सैलावली. बाहेर कुठे तरी, चढावर, त्याच्याबरोबर आणखी कुणी तरी श्वास घेतला.

सगळ्या पाहुण्यांनी वळून पाहिलं. अठ्ठावीस चेहरे. रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. वीअरने यंत्राकडे बोट केलं, मग तेच बोट ओठांवर ठेवलं. हसत, समजुतीने, लहान मुलाला गप्प करावं तसं.

आणि ऑर्बिन गप्प झाला.

त्याने ठरवलं नव्हतं. आठ वर्षं तो दुसऱ्यांच्या यंत्रांपुढे, दुसऱ्यांच्या गाण्यांपुढे गप्प राहत आला होता. गळ्याला तेवढंच वळण उरलं होतं. ओळ मध्यावर तुटली आणि खाली पडली.

मग ती दुसऱ्यांनी उचलली. खिडकीबाहेरून, चढावरच्या कबरींच्या बाजूने. सगळ्यांच्या वर, किंचित उशिरा, एक बाई. तिच्याखाली एक पायरी चुकलेली. खाली दोन दगड. ते सगळे चढण चढत होते, आणि त्यांच्यात आणखीही कुणी होते, सहापेक्षा पुष्कळ जास्त. ऑर्बिनने खिडकीकडे पाहिलं तेव्हा कड्यापाशी फक्त पाठी दिसल्या. ओल्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांच्या पाठी. त्यांतल्या एकीने दुसरीचा हात धरला होता. डोळ्याची पापणी लवली आणि तिथे गवत होतं.

वीअरच्या यंत्राचा काटा शून्यावर होता. पाहुणे डोळे मिटून शांतता ऐकत होते.

आवाज कड्यापलीकडे उतरला. पाण्यात शिरल्यासारखा आधी जाड झाला, मग पातळ, मग नाही. ऑर्बिन अजून उभाच होता. डेल्फियाने मागे हात करून त्याची बाही ओढली. तिचे डोळे कोरडे होते आणि तिने खिडकीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"बस खाली," ती म्हणाली. "लोक ऐकताहेत."

तो बसला. पहिल्या बाकावरून कुणी तरी हळूच टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. हॅसल हात पुढे धरून तसेच उभे होते. त्या खोलीत आजवर कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्यामुळे त्यावर काय करायचं असतं ते त्या सात जणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.